अठरा सुया

आमच्या केंद्रात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. सुईत उरलेला दोऱ्याचा तुकडा त्यात टाकायचा, अशी पद्धत. बोटभर दोरा कोणी मुद्दाम साठवत नाही, पण महिन्याभरात डब्याला झाकण बसेनासं होतं. किश्श्यांचंही तसंच झालं. सहा बाया एका खोलीत दिवसभर मान खाली घालून बसल्या की काहीतरी घडतंच, आणि घडलं नाही तर हिरा घडवते. बाहेर कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, लीलाबाई, तुम्ही पदरचं घालता. मी सातवी शिकलेली बाई, माझ्याकडे पदरचं घालायला आहे काय?

आधी काम काय ते सांगते. जाड कागदाच्या कार्डावर सुईदोऱ्यानं भरायचं. घोंगडीच्या घडीवर कार्ड ठेवायचं, त्यावर नक्षीचा कागद, आणि नक्षीच्या रेघेवरून टाचणीनं भोकं पाडत जायचं. मग त्या भोकांतून रंगीत दोरा. ही कार्डं राहुरीहून मुंबईला जातात आणि तिथून बोटीनं साहेबाच्या देशात. तिकडचे लोक नाताळाला, बारशाला ती एकमेकांना धाडतात. आत दोन ओळी लिहितात म्हणे.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिरानं विचारलं होतं, "दोन वळीसाठी एवढं भरायचं? मंग मोप बोलायचं असलं म्हंजी काय पासोडी धाडत्यात?"

हिरा तिसगावची. लग्न होऊन इकडे आली, पण जीभ तिथूनच घेऊन आली.

*

मी केंद्रात गेले ते सुमीला कडेवर घेऊन. सुमी तेव्हा नऊ महिन्यांची.

त्या साली पाऊस नव्हता. रस्त्याची दुष्काळी कामं निघाली होती. आमचे हे लांब एका तलावाच्या कामावर, रविवारी घरी यायचे. सासूबाई खडीवर, मीही खडीवर. पोरीला पोत्याच्या सावलीला ठेवायची. सावली सरकली की मी उठायची आणि मी उठले की मुकादम ओरडायचा. बाराव्या दिवशी एक कपची उडाली ती सुमीच्या कपाळाला लागली. रक्त आलं थेंबभरच. पण दोन बोटं खाली डोळा होता. मी पाटी तिथंच ठेवली आणि पोरीला घेऊन निघाले.

केंद्राच्या बाई म्हणजे नगरच्या एका शाळेतल्या मास्तरीण, आता रिटायर झालेल्या. जाड भिंगाचा चष्मा. तो काढला की त्यांना तांबडा दोरा कोणता आणि हिरवा कोणता तेही कळत नाही. त्यांनी माझ्या हातात सुई आणि दोरा दिला आणि ओवून दाखवा म्हणाल्या. सवयीनं मी दोऱ्याचं टोक जिभेला लावलं.

थुंकी लावायची नाही, बाई म्हणाल्या, हे साहेबाच्या घरी जातं.

"साहेबाला कुठं कळतंय कोन्च्या गावची थुकी हाय," हिरा कार्डातून मान वर न काढता बोलली.

तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला. मग बाईंनी नियम सांगितले. सकाळी प्रत्येकीला तीन सुया मिळतील, संध्याकाळी तीन परत. सहाजणींच्या अठरा. अठरा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. सुई पदराला टोचायची नाही, चोळीला नाही, अंबाड्यात तर नाहीच. सुई एक तर कार्डात असेल, नाहीतर टोचणीच्या उशीत.

शेवटी सुमीकडे पाहून म्हणाल्या, "मूल रांगतंय तोवर आणा. कपाटाच्या पायाला बांधून ठेवायचं. ज्या दिवशी चालायला लागेल त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर. चालणाऱ्या मुलाचा हात कुठे पोचेल सांगता येत नाही."

घरी ठेवायला कोणी नव्हतं. म्हणजे पोर चालेपर्यंत माझी जागा, चालली की पुन्हा खडी. मी हिशेब केला, दोन महिने, फार तर तीन. आणि हो म्हणाले.

जुन्या लुगड्याचा पट्टा करून एक टोक तिच्या कमरेला, दुसरं कपाटाच्या पायाला. तिच्या पायात माझ्या आईनं दिलेले चांदीचे वाळे होते, घुंगरू लावलेले. मान खाली असली तरी माझा कान वाळ्यांवर असायचा. रांगताना ते जमिनीला घासून खरखरत. तो आवाज येतोय तोवर माझी सुई चालायची. आवाज थांबला की सुईही थांबायची.

*

पार्वतीकाकू आमच्यात कामाला सगळ्यात सुरेख. पण दोन दिवस झाले तरी त्यांचं पहिलं कार्ड पुरं होईना. बाईंनी जाऊन पाहिलं. पुढची बाजू कधीच झाली होती. काकू मागची बाजू करत होत्या. एकूण एक गाठ आत दडवायची, दोरा दोऱ्याखालून न्यायचा. मागून पाहिलं तर कळू नये की मागची बाजू आहे.

बाईंनी समजावलं की मागे दुसरा कागद चिकटवायचा असतो, ती बाजू कोणी बघत नाही.

काकूंना ते पटेना. आमच्याकडे नव्या सुनेनं भरलेला रुमाल कोणी पुढून बघतच नाही, आधी उलटा करतात. माझाही केला होता. काकूंचा तर तीन सासवांनी केला होता, एक सख्खी, दोन चुलत.

काकूंनी कार्ड उलटं केलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "न्हाई, मी आपलं इचारते. त्या बायांला सासू नस्ती का?"

काकू अजूनही मागची बाजू तशीच करतात.

*

येसाआजी केंद्रात भोकं पाडायला होत्या. त्यांचा आधीचा धंदा गोंदण्याचा. राहुरीपासून राहात्यापर्यंतच्या कितीतरी बायांच्या कपाळावर आणि हातावर आजींचं काम आहे. आता पोरी गोंदून घेत नाहीत म्हणून त्या इकडे आल्या. टाचणी अशी चालवायच्या की नक्षीचा कागद काढला तरी हात चुकायचा नाही.

कसं वाटतं काम, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, "ब्येस. कागद बोंबलत न्हाई."

पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्यांच्याकडून डझनभर कार्डं घेतली आणि बघतात तर सगळ्या भोकांभोवती पिवळं. वास घेतला, हळद. आजींनी कनवटीला हळदीची पुडी ठेवली होती. कार्ड झालं की चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळायची.

हे काय केलंत, बाई म्हणाल्या.

"सुजू ने म्हून."

"येसाआजी, कागद सुजत नाही."

आजींनी बाईंच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं, मग कोऱ्या मनगटांकडे पाहिलं.

"तुमी गोंदलंय का कदी?"

*

एकदा मुंबईहून चाळीस कार्डं आली, भोकं आधीच पाडलेली. मशीननं. आजींनी एक हातात घेऊन बघितलं, म्हणाल्या ही भोकं मेलेली हायेत, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. भोकं होती, पण नक्षीचा कागद पाकिटात घालायलाच तिकडचे विसरले होते. बाई दोन दिवस नगरला गेलेल्या. ऑर्डर निकडीची.

हिरा म्हणाली, "ह्याला नकाशा कशाला लागतोय? ठिपकं तर हायेत."

आणि खरंच, जन्मभर दारात ठिपके काढून जोडतोच आम्ही. जिच्या तिच्या घरच्या पद्धतीनं जोडले. हिरानं कासव काढलं, पार्वतीकाकूंनी कमळ. मी पाळणा. धरणाकडच्या दोघी बहिणी आहेत, त्या एकमेकींशीच बोलतात, आमच्याशी कधी अवाक्षर नाही. त्यांनी दोघींत मिळून गालिचा काढला, अर्धा हिच्या कार्डावर, अर्धा तिच्या.

बाई आल्या. चाळीस कार्डं त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली. तिकडच्या देवळाची घंटा होती ती, असं म्हणाल्या. चाळीस घंटा व्हायच्या होत्या. कापड असतं तर उसवलं असतं, पण कागदाला पडलेलं भोक बुजत नाही. आम्ही सहाजणी भिंतीला टेकून उभ्या. जागा जायला सुमीनं चालायचीसुद्धा गरज नाही, असं मनात आलं.

बाई एकेक कार्ड चष्म्याजवळ नेऊन बघत होत्या. कमळाशी बराच वेळ थांबल्या.

"पार्वतीबाई," त्या म्हणाल्या, "खाली डावीकडचा एक ठिपका उरलाय तुमचा."

*

मग बारशाची कार्डं आली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, फक्त तोंड दिसतंय, गोरंपान, गालावर गुलाबी दोऱ्याचे दोन टाके. डिझाईन चांगलं होतं. माझं पहिलं कार्ड झालं आणि मी ते पुढ्यात ठेवून बघत बसले. काहीतरी राहिलं होतं. मग काळा दोरा घेतला आणि बाळाच्या गालाला एक गाठ मारली.

शेजारून काकूंनी बघितलं, काही न बोलता काळा दोरा मागून घेतला. संध्याकाळपर्यंत चौदा बाळांना तीट लागली.

बाई चांगल्याच रागावल्या. ते लोक डाग समजतील, पाकीट परत येईल. कोणी सुरू केलं हे?

मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, बाळ आहे. एवढं समुद्रापार जायचंय, कितीजण बघणार. तसंच कसं पाठवायचं?"

कपाटाशी सुमी होती. तिच्या गालाला एक, कपाळाला एक, कानामागे एक तीट होती. मी तशी जास्तच लावते. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "तळपायाला लावा. तळपाय कोणी बघत नाही."

अडचण एवढीच की डिझाईनमधलं बाळ पुरतं गुंडाळलेलं होतं, पाय कुठे दिसतच नव्हते.

त्या ऑर्डरीतलं एकूण एक बाळ दुपट्यातून एक पाय बाहेर काढून गेलं. पायाची भोकं येसाआजींनी हातानंच पाडली, नक्षीच्या कागदाशिवाय. मुंबईहून पत्र आलं की माल मिळाला, पायाबद्दल त्यात काही नव्हतं.

*

सुमी अकरा महिन्यांची झाली, कपाटाला धरून उभी राहायला लागली. ती उभी राहिली की हिरा खालच्या आवाजात म्हणायची, "बस माजी बाय, बस. घाई कशाची हाय?" आणि ती बसायची. बाई दर शनिवारी विचारायच्या, चालते का? मी म्हणायची, नाही बाई. खोटं नव्हतं. हिरा पुस्ती जोडायची, "पाय जड हायेत तिचं. बापावर गेलीय."

घरी उलटी तऱ्हा. रविवारी हे यायचे आणि तिची बोटं धरून चाल चाल करायचे. मी लगेच तिला उचलून घ्यायची. एकदा म्हणाले, तुला झालंय काय? काय सांगणार. सासूबाईंनी शेजारच्या बायांचं ऐकून तेल आणलं, मग तिला कमरेपर्यंत कोमट वाळूत पुरून बसवलं, मग बाजारातून पांगुळगाडा आणला, तांबडा, तीन चाकांचा. त्याच दिवशी मी त्याचं एक चाक काढून रिकाम्या कणगीत टाकलं. सासूबाईंनी माळा बघितला, चुलीची राख उपसली, पण चाक काही सापडलं नाही. त्या साली कणगीत डोकवायचं कोणाला काही कारण नव्हतं.

वाढदिवस होऊन गेला. सुमी उभी राहायची आणि बसायची. शेजारची म्हणाली, आमच्या बाळ्याला नवव्या महिन्यात पाय फुटले. मी रोज सकाळी देवापुढे उभी राहून म्हणत होते, आज नको. आणि मग केंद्रात जाताना वाटभर वाटायचं, त्यानं ऐकलं असलं तर? कायमचंच ऐकलं असलं तर?

ही गोष्ट मी एकट्या येसाआजींना सांगितली. त्या टाचणी न थांबवता म्हणाल्या, "देवाला येवडं काम न्हाई, तुजंच ऐकाया."

*

आता सुया कमी भरल्या त्या दिवसाचं.

नाताळाच्या कार्डांची घाई होती. पाच वाजता बाईंनी उशी पुढ्यात घेऊन मोजलं. सतरा. पुन्हा मोजलं, सतरा. पार्वतीकाकूंची एक कमी होती. काकू म्हणाल्या, माझ्या दोनच हायेत, तिसरी इथंच हुती.

बाईंनी उठून दाराला कडी घातली. त्यांच्याकडे दोरीला बांधलेलं लोहचुंबक आहे. ते त्यांनी जमिनीवरून फिरवलं, चटयांवरून, घोंगड्यांवरून. एक टाचणी निघाली आणि एक जुनं बटन. आम्ही कार्डं झटकली, पदर झटकले. हिरानं अंबाडा सोडून दाखवला, तिच्यावर पहिला संशय म्हणून. बिस्किटांचा डबा चटईवर उपडा केला. दोऱ्यांचा ढीग झाला, सुई नाही.

मग कोणी माझ्याकडे बघेना, आणि त्यावरूनच मला कळलं सगळ्याजणींच्या मनात काय आलंय ते.

मी सुमीला गाठलं. पट्टा सोडला, झबलं काढलं, उलटं केलं, मुठी उघडल्या, काखा बघितल्या. तोंडात बोट घालून जिभेखाली, गालात फिरवलं. ती रडायला लागली. ती रडली की घशात काही अडकल्यासारखं मला ऐकू यायचं, गप्प झाली की जास्तच. पोट दाबून बघितलं. दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, असं मी विचारत होते, पण कोणाला विचारत होते ते आठवत नाही. बाई म्हणाल्या, "लीलाबाई, तिला खाली ठेवा. मी येते तुमच्याबरोबर. चपला घाला." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी तिला जमिनीवर ठेवलं आणि चपलांसाठी वळले. बाई कडी काढायला दाराशी गेल्या.

मागून वाळे वाजले. खरखर नव्हती. छुन, मग थोडं थांबून छुन. मग भरभर चार वेळा.

मी वळून बघितलं. खोलीच्या मधोमध, नागड्या अंगानं, दोन्ही हात वर धरून सुमी चालत होती. रडं गालावर तसंच. वाटेतला दोऱ्यांचा ढीग तिनं पाय उचलून ओलांडला. कोणी पुढे झालं नाही. ती थेट दाराशी गेली, बाईंच्या पायांना धडकली आणि त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरून खाली ओढायला लागली. पदराच्या काठाशी तांबडा दोरा लोंबत होता. तिला तो हवा होता.

दोऱ्याच्या वरच्या टोकाला, बाईंच्या खांद्यावर, सुई टोचलेली होती.

दुपारी बाईंनी पार्वतीकाकूंच्या हातातून सुई घेऊन कार्डावर गाठ कशी मारायची ते दाखवलं होतं. सहाजणींनी पाहिलं होतं, सहाजणींना आत्ता आठवलं.

बाईंनी सुमीचा हात दोऱ्यावरून सोडवला. खांद्यावरची सुई काढली, टेबलाशी येऊन उशीत टोचली. अठरा, असं म्हणाल्या. मग चष्मा काढला. पदरानं एक भिंग पुसलं, मग दुसरं, आणि चष्मा डोळ्यांना न लावता हातातच धरून आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"पोर रांगत आली ना माझ्यापर्यंत?"

"व्हय बाई," सहाजणी म्हणाल्या. त्या धरणाकडच्या दोघीसुद्धा.

सुमी तिथंच उभी होती, बाईंच्या लुगड्याला धरून. बाई माझ्याकडे वळल्या.

"माझी नजर अधू झालीय, लीलाबाई. कान शाबूत आहेत. उद्या हिचे वाळे घरी काढून ठेवा."